तिसरी पिन

प्लगची तिसरी पिन निकामी करणाऱ्या माणसांशी मी आयुष्यभर भांडत आले. तीन पिनांतली वरची, जाड आणि लांब पिन. तिला अर्थ म्हणतात; इंग्रजीतला अर्थ, म्हणजे जमीन. खालच्या दोन पिनांतून वीज ये-जा करते, हे सगळ्यांना पटतं. वरची मात्र नुसती उभी असते, काही करताना दिसत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा. बोर्डात बसत नाही? मोडा. एक्स्टेंशनला दोनच भोकं आहेत? कापा. ॲम्प गुणगुणतोय? हिची तार काढा. जळगावात चौतीस वर्षं मी ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. या एका पिनेपायी जेवढा घसा कोरडा केला, तेवढा दोन मुलं वाढवतानाही केला नाही.

माझं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. आठ बाय दहाची खोली, एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, आणि भिंतभर फळ्यांवर उघडून ठेवलेली यंत्रं. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. मी आयटीआय केलं आणि त्यांच्या टेबलावर बसले. पहिली दहा वर्षं तरी नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून आत डोकावायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेले?" मी म्हणायची, "जेवायला गेले, संध्याकाळी येतील. तोवर मशीन ठेवून जा." संध्याकाळी दुरुस्त झालेलं मशीन द्यायला मीच असायची. तेव्हा कुठं त्यांना काय ते कळायचं, आणि काहींना तेव्हाही कळायचं नाही.

ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या पोटात भिंतीतली वीज येते, आणि तिला घाबरून राहायचं असतं, हे कुणाच्या गावी नसतं. असोद्याचं एक भजनी मंडळ एकदा त्यांचा ॲम्प घेऊन आलं. झाकण उघडलं तर आत सगळं काळं. फ्यूजच्या जागी कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. मी विचारलं, हा पराक्रम कुणाचा? त्यांच्यातले एक नाना अभिमानानं पुढं झाले.

"फ्यूज सारखा उडे बाई. मंग मीच चांदी लावली. तव्हापासून काही कटकट नाही."

"कटकट नाही म्हणजे ॲम्पही नाही, नाना. जळाला तो. वास आला नाही का?"

"आला ना. आमाले वाटलं आज धूप जास्त टाकला कोणी."

फ्यूज सारखा उडतो, म्हणजे तो ओरडून सांगतोय की आत काही तरी बिघडलंय. आपण काय करतो? ओरडणाऱ्याचं तोंड बंद करतो. नानांना मी असं काही सुनावलं की मागे उभा असलेला तबलजी हळूच बाहेर जाऊन उभा राहिला. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "बोल बाई, बोल. आमचंच चुकलं." अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही, त्याचाही मला राग येतो.

माझा राग गावात प्रसिद्ध होता. "अक्काकडे न्यायचं तर न्या, पण आधी बोलणी खायची तयारी ठेवा," असं लोक एकमेकांना सांगायचे. मला ते आवडायचं. विजेच्या बाबतीत जो ओरडतो तोच खरा, असं मी मानत होते. आता हे लिहिताना त्यातलं काय काय खरं होतं याचा विचार करते आहे, आणि म्हणूनच ही हकिकत सांगायला बसले आहे.

हेमंत माझं जुनं गिऱ्हाईक, धुळ्याचा. गिटार वाजवायचा. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्यांना बरे दिवस आले आहेत. हळदीला, साखरपुड्याला, गावच्या यात्रेला ऑर्केस्ट्रा बोलावतात. हेमंत अशाच एका ऑर्केस्ट्रात होता. बाकीचे गिटारवाले एका ॲम्पवर भागवतात, याला दोन लागायचे. एकातून गोड, स्वच्छ आवाज, दुसऱ्यातून धारदार, अंगावर येणारा. दोन्ही एकत्र लावले की आवाज असा भरून येतो की मांडवाच्या शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मान वर करते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी ऐकलेलं आहे.

अडचण पायांची होती. गिटार वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून आवाज बदलायचं काम पायाकडे. ॲम्पच्या मागे एक भोक असतं, त्यात पायानं दाबायच्या बटणाची वायर जाते. बटण दाबलं की आवाज साध्याचा फाटका, खरखरीत होतो, पुन्हा दाबलं की साधा. दारावरच्या घंटीचं बटण असतं तसंच ते, फार मोठी जादू नाही. पण हेमंतचे ॲम्प दोन, म्हणून बटणंही दोन. शिवाय गिटारचा आवाज कोणत्या ॲम्पला पाठवायचा त्याचं तिसरं. गाण्याच्या मधोमध हा माणूस तिघांवर एकामागोमाग एक पाय आपटत असायचा. मुंग्या चिरडतोय असं वाटायचं. आणि तेवढं करूनही एक ॲम्प बदलायचा, दुसरा राहून जायचा.

"अक्का, एकच डबा करी द्या," तो दुकानात येऊन म्हणाला. "एक डाव पाय मारू, दोन्ही ॲम्प बदलाले पाहिजेत."

ऐकायला सोपं वाटतं. दोन्ही ॲम्पच्या बटणांच्या तारा एकाच बटणावर आणा, झालं. बऱ्याच जणांनी त्याला तसंच करून दिलं असतं. पण दोन ॲम्प असे तारेनं एकमेकांना जोडले की ते गुणगुणायला लागतात. घूं. सतत, खालच्या पट्टीत. दोन्ही ॲम्प आपापल्या प्लगमधून, तिसऱ्या पिनेनं जमिनीला जोडलेले असतात. वर पुन्हा तुम्ही त्यांना आणखी एका तारेनं जोडलं की एक वर्तुळ तयार होतं, आणि भिंतीतल्या विजेची गुणगुण त्या वर्तुळात फिरत राहते. हिला घालवायचा चुकीचा उपाय म्हणजे एका प्लगची तिसरी पिन काढणं. वर्तुळ तुटतं, आवाज जातो, आणि त्या ॲम्पचा पत्रा कधी जिवंत होईल याचा नेम राहत नाही. आत कुठंतरी वायर घासली, पत्र्याला लागली, तर अर्थ असताना वीज जमिनीत जाते आणि मेन स्विच आपोआप पडतो. अर्थ नसताना वीज वाट बघत बसते, कुणीतरी हात लावायची.

बरोबर उपाय म्हणजे वर्तुळ डब्यात तोडायचं, प्लगमध्ये नाही. मी तेच केलं. रिले नावाचा एक छोटा स्विच असतो, तो विजेवर चालतो. पायानं बटण दाबलं की डब्यातली नऊ व्होल्टची बॅटरी रिलेला ओढते, आणि रिले आत दोन वेगळ्या जोड्या एकाच वेळी जुळवतो. एक जोडी पहिल्या ॲम्पची, दुसरी दुसऱ्याची. दोघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. गिटारचा आवाज पहिल्या ॲम्पला थेट दिला, आणि दुसऱ्याला एका इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून. त्यातून आवाज पलीकडे जातो, तार जात नाही. भिंतीत स्विचबोर्डसाठी पुरतात तो लोखंडी डबा घेतला, कारण हेमंतचा बूट जड होता. भोकं पाडली, कडा घासल्या, वरून गाडीच्या रंगाचा एक हात मारला.

हेमंत दोन्ही ॲम्प घेऊन आला. डबा जोडला, दोन्ही चालू केले, आवाज पूर्ण वर नेला. काही नाही. इतकी शांतता की बाहेर गल्लीत कुणीतरी सायकल स्टँडवर लावली ते ऐकू आलं. हेमंतनं बटण दाबलं, एक कट्ट आवाज झाला, आणि दोन्ही ॲम्प एकदम बदलले. तो हसतच सुटला. दहा-बारा वेळा नुसतं बटण दाबत बसला. त्या कामाचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. डब्यातली प्रत्येक तार मी मीटर लावून तपासली होती.

ॲम्प तपासले नाहीत. दोन्हींच्या थ्री-पिन टॉपला, म्हणजे प्लगला, तीन-तीन पिना होत्या, त्या डोळ्यांनी पाहिल्या आणि बस्स. टॉपचा स्क्रू काढून आत पाहायला दोन मिनिटं लागतात.

पंधरा दिवसांनी पहूरच्या बाजूला एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. दुपारचा. हेमंतनं फोन केला, "अक्का, डबानी पहिली बोहनी शे, तुमी याच." मी गेले. साउंड पारोळ्याच्या सुपडूभाऊंचा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मांडव आणि साउंडच्या धंद्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. त्यांना मी तोंडओळखीनं जाणत होते. कोपऱ्यात मिक्सरमागे खुर्ची टाकून ते बसले होते.

पहिली दोन गाणी झाली. डबा असा चालला की मला एकटीलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. लोकांना काय कळणार, ते हळद लावण्यात गुंतले होते. तिसऱ्या गाण्यात हेमंतला मागून गायचं होतं. माइकचा स्टँड त्याला थोडा खाली पडत होता. डावा हात गिटारच्या तारांवर तसाच ठेवून त्यानं उजव्या हातानं स्टँड धरला, वर करायला.

गिटारचा आवाज थांबला. हेमंत थांबला. एक हात गिटारवर, एक स्टँडवर, मान मागे. समोरच्या पोरांना वाटलं, स्टाइल मारतोय. दोघा-तिघांनी शिट्ट्या घातल्या. मलासुद्धा समजायला एक क्षण लागला, आणि तो क्षण मला माफ करता येत नाही. सुपडूभाऊंना नाही लागला. ते खुर्ची पाडून उठले, धावले, आणि मेन बोर्डाचा खटका खाली ओढला. पंखे बंद पडले, गाणं बंद पडलं. हेमंत गिटारसकट आडवा झाला.

तो जगला. हे आधीच सांगून टाकते. वऱ्हाडाच्या जीपमधून त्याला जळगावला नेलं. श्वास चालू होता, डोळे उघडत नव्हते. डाव्या हाताच्या बोटांवर तारांच्या खुणा उमटल्या होत्या. काळ्या, सरळ, एकाखाली एक.

जीप गेली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरीचे काका माझ्या दिशेनं बोट दाखवून कुणाला तरी म्हणाले, "त्या बाईनी बनायेल डबा शे. त्यानाच शॉक लागना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्टेजवर चढले, डबा उचलला, पाना काढून सगळ्यांसमोर उघडला. "बघा! यात नऊ व्होल्टची बॅटरी आहे. जिभेला लावा हवी तर! यानं झुरळ मरणार नाही." मग हेमंतच्या पहिल्या ॲम्पचा टॉप बोर्डातून उपसला आणि स्क्रू काढला.

आत हिरवी, म्हणजे अर्थची तार कापलेली होती. टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली.

मी वळले आणि सुपडूभाऊंवर तुटून पडले. कारण मला माहीत होतं. साउंडवाले हेच करतात, चौतीस वर्षं मी हेच बघत आले होते. कुठून तरी घूं आली की पक्कड काढायची आणि तार कापायची. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. "साउंड लावायला आलात की माणूस मारायला?" हे बोलले. "तुमच्यासारख्याला कुणी मांडवात पाय ठेवू देता कामा नये," हेही बोलले. दोनशे माणसं ऐकत होती. मोबाइल वर झालेले मी पाहिले आणि माझा आवाज आणखी चढला.

सुपडूभाऊ एवढंच म्हणाले, "अक्का, मी त्या मशीनले हातबी लाया नही. ज्यानी मशीन, तोच लावस."

"खोटं बोलू नका!"

ते मिक्सरकडे वळले. नवरीच्या काकांनी त्यांना सांगितलं, गुंडाळा तुमचं. हळद संपायच्या आत त्यांचा टेम्पो गावाबाहेर पडला. ज्या माणसानं खटका ओढून हेमंतचा जीव वाचवला होता त्याला प्यायला कुणी पाणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. खाली लिहिलं होतं, "खान्देशनी वाघीन". चाळीसगावपासून रावेरपर्यंत लोकांनी तो एकमेकांना पाठवला. मला फोनवर फोन आले. अक्का, बरं झालं कुणीतरी बोललं. अक्का, असंच पाहिजे या लोकांना. मी प्रत्येक फोनवर सगळी गोष्ट पुन्हा सांगितली आणि प्रत्येक वेळी थोडी रंगवून सांगितली. मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं. पारोळ्यात सुपडूभाऊंच्या ठरलेल्या सुपाऱ्या लोक रद्द करताहेत, हेही त्यातल्याच एका फोनवर कळलं. भोगा म्हणावं आता, असं मी म्हणाले.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. तार कापून बराच काळ झाला होता, टेप जुनी, चिकट झालेली होती. मग शॉक आताच का लागला? एका सकाळी कागद घेतला आणि दोन्ही ॲम्प, डबा, गिटार, माइक, सगळं त्यावर रेखाटत बसले. अर्ध्या तासात दिसलं. हातातली पेन्सिल खाली ठेवली.

हेमंत आधी दोन्ही ॲम्प साध्या वायरीनं जोडायचा. त्या वायरीच्या आत गुंडाळलेल्या तारांच्या जाळीतून पहिल्या ॲम्पला दुसऱ्याची अर्थ उसनी मिळत होती. स्वतःची तार कापलेली असूनही तो शेजाऱ्याच्या आधारानं सुरक्षित उभा होता. माझ्या डब्यानं दोघांना वेगळं केलं. स्वच्छ, सुंदर, बिनचूक वेगळं केलं. त्या दिवसापासून पहिल्या ॲम्पला कुणाचाच आधार उरला नाही. पुढे टेम्पोत हिसके बसून आतली वायर पत्र्याला लागली, पत्र्याची वीज गिटारच्या तारांवर आली, आणि मिक्सरमधून जमिनीशी जोडलेल्या माइकच्या स्टँडला हात लागायची वाट बघत राहिली. दुकानातल्या ज्या शांततेवर मी खूश झाले होते, तिनंच त्याला भाजलं होतं.

सुपडूनं आधीच्या कुठल्या तरी कार्यक्रमात तार कापली असणार, हा गुन्हा त्याचा. पण डबा देताना टॉप उघडून पाहिला नाही, हा माझा. निदान हेमंतला तोंडावर सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरली.

हेमंत घरीच होता. डावा हात बांधलेला. दोन बोटं बरी होत होती, करंगळीशेजारच्या बोटाचं टोक मात्र बधिर झालं होतं, त्याला गरम-गार कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, वाजवता येईल, पण पूर्वीसारखं येईल का ते सांगता येत नाही. गिटार भिंतीला तोंड करून ठेवलेली होती. मी कागद पसरला, आकृती दाखवली, माझं काय चुकलं ते सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"त्या सुपडूनं तार कापली नसती तर हे काही झालं नसतं, ते आहेच," मी शेवटी म्हणाले. "पण मी बघायला हवं होतं."

हेमंतनं उजव्या हातानं कागद माझ्याकडे सरकवला.

"अक्का, तार सुपडूभाऊनी नही कापी."

"मग कुणी?"

"मी कापी."

माझा आवाज चढलाच. "तू? अरे, काहाले? इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एकदा तरी ऐकलं असशील ना?"

"तुमीनच सांगं व्हतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "दोन साल व्हयनात. शिरपूरले प्रोग्राम व्हता. दोन्ही ॲम्प घूं करेत. बठ्ठ्या वायरी बदलीसन देख्यात, जाये नही. मंग तुमले फोन लाया. तुमीन सांगं, एक ॲम्पनी अर्थ काढीसन देख. काढी. घूं गई."

मला आठवलं. फोन खांद्यात धरला होता, हातात सोल्डरिंग आयर्न, समोर कुणाचं तरी तातडीचं मशीन. दोष कुठं आहे ते शोधायला आम्ही असंच करतो. क्षणभर अर्थ काढायची, घूं गेली तर समजायचं की दोष या वर्तुळात आहे, आणि लगेच परत जोडायची. ती परत जोडायची असते हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हेमंत धंद्यातला नव्हता. तो फोनवर आनंदानं "गई, अक्का, गई!" असं ओरडल्याचं आठवलं. मी म्हणाले होते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि फोन ठेवला होता.

"मग परत का नाही जोडली?" मी विचारलं, पण विचारतानाच त्यात काही जीव नव्हता.

"तुमीन जोडानं सांगं नही. अन घूं जायेल व्हती, मंग कसाले जोडू?"

"हे त्या व्हिडिओनंतर का नाही सांगितलंस? त्या माणसाचा धंदा बसला, हेमंत!"

"त्या दिन माले शुद्ध नव्हती. मंग व्हिडिओ देखा. तुमी बठ्ठासमोर इतलं बोल्यात, अक्का. मंग मी कोनता तोंडवरी सांगू, का अक्कानीच सांगं व्हतं?"

त्याच्या आईनं आणलेला चहा मी तसाच ठेवून उठले. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. हेमंतवर काढून पाहिला, टिकला नाही. जी माणसं माझ्या रागाचं कौतुक करत आली त्यांच्यावर काढून पाहिला. चौतीस वर्षं मी एवढी ओरडत आले की या पोराला माझ्याशी खरं बोलायचीही सोय उरली नाही. आणि ज्या एका वेळी खरोखर सावकाश, समजावून बोलायची गरज होती, तेव्हा मी घाईत एक वाक्य टाकलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

धुळ्याहून जळगावला येताना वाटेत पारोळा लागतं. मी उतरले. सुपडूभाऊंचं गोडाऊन किल्ल्याच्या बाजूला आहे, विचारत विचारत गेले. दुपारची वेळ होती. बाहेर टेम्पो रिकामा उभा. स्पीकर एकावर एक रचलेले, वर ताडपत्री. ते एकटेच आत खाली बसून केबलची वेटोळी करत होते. मला बघून उठले नाहीत, पण एक खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तार हेमंतनं कापली होती. त्याला ती काढायला मी सांगितलं होतं. परत जोडायला सांगितलं नव्हतं. डब्यानं काय झालं तेही सांगितलं. हेमंतचा जीव तुम्ही वाचवलात, हे म्हणाले. माझं चुकलं, हे म्हणाले. चौतीस वर्षांत हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि मला वाटत होतं की ते बोलणं फार मोठी गोष्ट आहे.

सुपडूभाऊ केबल गुंडाळत राहिले. वेटोळं पूर्ण झालं, त्याला सुतळी बांधली, बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, पहूरले तुमी बोल्यात, तवय दोनशे लोके व्हतात. बठ्ठासना हातमा मोबाइल व्हता," ते म्हणाले. "आते आठे आपन दोन्हीच शेत."

मी बस पकडून घरी आले.

दुकान आता बंद केलं आहे. नजर कमी झाली आहे, हेही कारण खरंच आहे. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, अक्का, धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, तुमचा तो व्हिडिओ आमच्या वाचकांना अजून आठवतो, तुमच्या स्वभावाचा झणझणीतपणा लेखात येऊ द्या. मी हो म्हणाले. हा अंक पारोळ्यालाही जातो, धुळ्यालाही, आणि पहूरच्या वाचनालयातही, याची त्यांच्याकडून खात्री करून घेतली, मग लिहायला बसले.

तेव्हा ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला, पुढे पाठवला आणि मला शाबासकी दिली, त्या सगळ्यांसाठी: पारोळ्याच्या सुपडूभाऊंनी त्या ॲम्पला हात लावला नव्हता. त्यांनी खटका ओढला म्हणून हेमंत आज आहे. तार काढायला मी सांगितलं होतं.